नऊ ऑगस्टला काय करायचं?

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची कार्यक्रमपत्रिका मिळाली. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचे मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार. दीड तासाचा ऐवज आहे. यात केशवराव भोसले, संगीत रंगभूमीवरचा तो मोठा गायक-नट, नेमके कुठे आहेत ते शोधत गेलो आणि प्रतिमापूजनापाशी थांबलो. फोटोला हार घातला, उदबत्ती लावली की ते सुटले, आणि आपण पाहुण्यांच्या भाषणाला मोकळे. शाळेच्या नव्या कलामंदिराला ज्यांचं नाव दिलं, त्यांच्या पहिल्याच जयंतीला एवढंच करणार असू तर दारावर नुसतं ‘सभागृह’ लिहिलं असतं तरी चाललं असतं.

रागावू नकोस. पत्रिका तुझी नाही हे मला कळतं, वरून आली असणार. तू नोकरीत नवी, त्यात संगीत शिक्षिका, म्हणजे वेळापत्रकातला सगळ्यात आधी कापला जाणारा तास तुझा. अशा वेळी वरून आलेला कागद बदलायचा कसा, हा तुझा खरा प्रश्न आहे. त्यावर शेवटी बोलू. आधी माणसाकडे जाऊ.

कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृहात खेळ असला की आपण ‘केशवरावला नाटक आहे’ असं सहज म्हणतो. पुण्यात ‘बालगंधर्वला’ म्हणतात तसंच. रिक्षावाल्याला ‘केशवराव’ एवढं सांगितलं की तो खासबागेकडे वळतो. नाव तोंडात इतकं बसलंय की ते कुणा माणसाचं होतं हे विसरायला होतं. तुझ्या शाळेतही तेच होणार, बहुधा झालंही असेल. पोरं ‘केबी हॉल’ म्हणत असतील. म्हणू देत. लोकांच्या रोजच्या तोंडी राहण्याचा तोही एक प्रकार आहे आणि मला तो आवडतो. फक्त वर्षातून एक दिवस तरी पोरांना त्या पत्त्यावरचा माणूस दिसला पाहिजे. तुझं काम तेवढंच आहे, आणि ते सोपं नाही.

मी तुझ्या जागी असतो तर वयापासून सुरुवात केली असती. केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९०चा, कोल्हापूरचा. ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक कंपनी त्यांनी काढली १ जानेवारी १९०८ला, हुबळीत. हिशेब पोरांनाच करू दे. सतरा पूर्ण, अठरावं चालू. म्हणजे तुझ्या बारावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून मोबाइल लपवणाऱ्या पोराएवढा.

एवढं सांगून पुढे जाऊ नकोस. थांब, आणि पोरांना विचार की तुमच्या वयाच्या माणसाला नाटक कंपनी काढायची तर काय काय लागेल? फळ्यावर लिहीत जा. आधी ‘पैसे’ म्हणतील. मग नट, गाणारे, पेटीवाला, तबलजी. मग कुणीतरी ‘कपडे’ म्हणेल, म्हणजे शिंपी आला. पडदे म्हणजे रंगारी आला, पडदे टांगायला सुतार आला. दाढीमिशा, टोप, रंगभूषेची पेटी. मुलं आचाऱ्यापर्यंत कधी पोचतात ते बघ. कारण नाटक कंपनी म्हणजे एक मोठं फिरतं बिऱ्हाड होतं. गाव बदललं की सामानाचे पेटारे, माणसं, भांडीकुंडी सगळं हलवायचं. खेळ पडला, गल्ल्यात दमडी आली नाही, तरी रात्री पंगत बसवावीच लागायची. मालक जर स्वतः मुख्य नट असेल तर त्याच्या घशाला सर्दी होणं म्हणजे तीस-चाळीस माणसांच्या पोटाला चिमटा. हे सगळं अठराव्या वर्षी अंगावर घेतलं, असं पोरांच्या तोंडून फळ्यावर आलं की मग ‘संगीतसूर्य’ हे बिरुद सांग. आधी सांगितलंस तर ते शिल्लक राहील, माणूस राहणार नाही.

कंपनी काढण्याआधीची वर्षंही सांग, पण गोड करून नको. केशवराव लहानपणीच जनूभाऊ निमकरांच्या ‘स्वदेशहितचिंतक’ कंपनीत होते. बालनट म्हटलं की आता आपल्या डोळ्यांपुढे टीव्हीवरचं गाण्याच्या स्पर्धेतलं पोर येतं, शेजारी आई उभी, परीक्षक डोळे पुसतायत. तेव्हाचा बालनट म्हणजे कंपनीचं कमावतं माणूस. शाळा नाही, रात्रीची जागरणं, आणि आवाज फुटेपर्यंतच किंमत. ज्या पोराची शाळा नाटकात गेली, त्याचं नाव आज एका शाळेच्या दारावर आहे. यावर तू भाष्य करू नकोस. एखादं हुशार पोर स्वतःच बोलेल, आणि तुझ्यापेक्षा बरं बोलेल.

त्याच कंपनीत त्यांनी ‘शारदा’ केली, आणि नाव झालं ते शारदेच्या भूमिकेनं. ‘मूर्तिमंत भीती उभी’ हे पद त्यांच्या गळ्यातून ऐकायला लोक गर्दी करत. इथे तुझ्या वर्गात हशा पिकणार, हे गृहीत धर. पुरुष बाईचं काम करायचा म्हटल्यावर पोरांना आजचे टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम आठवतात, मिशीवाला साडी नेसून लचकतो ते. त्यांना दोष देऊ नकोस, त्यांनी तेवढंच पाहिलंय. त्यांच्यापुढे नाटकाची गोष्ट ठेव. गोविंद बल्लाळ देवलांचं हे नाटक १८९९ सालचं. कांचनभट नावाचा बाप पैशासाठी आपली कोवळी पोर भुजंगनाथ या म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालाय, आणि कोदंड नावाचा तरुण ते लग्न मोडायला धडपडतोय. पोर विकण्याविरुद्धचं हे नाटक त्या मंचावर एका मुलानं मुलगी होऊन म्हटलं, कारण मुलींना त्या मंचावर जागाच नव्हती. समोर बसलेल्या बायाबापड्या रडत होत्या, आणि त्यांच्यातल्या कित्येक स्वतः शारदा असणार. यात अभिमान वाटण्यासारखं आणि खटकण्यासारखं असं दोन्ही आहे. नववीच्या पुढच्या मुलांना दोन्ही सांग. एकच बाजू सांगितलेला थोर माणूस मुलं पेपरात लिहितात आणि विसरून जातात.

आता प्रत्यक्ष काय बसवायचं ते सांगतो.

‘शारदा’तलं ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ घे. सातवी-आठवीच्या मुलींना हे पद इतकं चढतं की तालमीत आवरावं लागतं. थट्टा आहे, ठेका आहे, शब्द अजून ताजे आहेत. सगळं नाटक बसवायच्या भानगडीत पडू नकोस. हा एक प्रवेश आणि त्याच्या आधी दोन ओळींत गोष्ट, बस्स. ‘मूर्तिमंत भीती’ मात्र एकाच मुलाला किंवा मुलीला दे, आणि ज्याचा आवाज गोड आहे त्याला न देता ज्याला शब्द कळलेत त्याला दे. साडी, अंबाडा, गजरा तालमीत अजिबात आणू नकोस. पोशाख आला की पोरं पोशाखाचं काम करायला लागतात.

आणि माइक बंद कर. कार्यक्रमाच्या दिवशीही. संस्थेनं नवी ध्वनिव्यवस्था बसवली आहे आणि ती वापरली नाही तर कुणीतरी नाराज होणार, हे मला माहीत आहे. ती भाषणांना वापरू देत. केशवरावांच्या काळात ध्वनिक्षेपक नव्हता. पिटातल्या शेवटच्या माणसाच्या कानापर्यंत पद पोचवायचं ते छातीच्या जोरावर आणि शब्दाच्या फेकीवर. त्यांना गायक रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम मिळाली होती, आवाज पल्लेदार होता, वरच्या पट्टीत खेळायचा. हे ‘पल्लेदार’ प्रकरण मुलांना सांगून कळत नाही. त्याची एक तालीम आहे, ती कर. एक पोर मंचावर उभं कर, एक शेवटच्या रांगेत बसव. मंचावरच्यानं पदाची एक ओळ गद्यात म्हणायची, ओरडायचं नाही. मागच्याला प्रत्येक शब्द सुटा ऐकू आला तर त्यानं हात वर करायचा; एखादा शब्द गिळला गेला तर हात खाली. सुरुवातीला हात वरच येत नाही. पोरं चिडतात, किंचाळायला लागतात, घसा बसतो. मग त्यांना सांग की ओळीचं शेवटचं अक्षर सोडू नका, ते टोकापर्यंत न्या. मराठी बोलताना आपण वाक्याची शेपटी खातो, ‘आहे’चा ‘हे’ पोटातच राहतो. तेवढं एक सुधारलं की मागचा हात आपोआप वर जातो, आणि तो गेला की मंचावरच्या पोराचा चेहरा बघ. त्या पोराला मग केशवरावांविषयी भाषण द्यावं लागत नाही. तो काय दर्जाचा माणूस होता हे त्याला घशातून कळलेलं असतं.

वन्समोअर येऊ दे. मुख्याध्यापक घड्याळ बघतील, बघू देत. संगीत नाटकाचा प्रेक्षक हा गप्प बसून टाळ्या वाजवणारा प्राणी नव्हता. पद आवडलं तर तो ते पुन्हा मागायचा, आणि नटाला पुन्हा द्यावं लागायचं. पोरांना आधीच सांगून ठेव की हा तुमचा हक्क आहे, पण खरंच आवडलं तरच.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पत्र एवढं लांबवतोय ती. ८ जुलै १९२१. हा दिवस तुझ्या कार्यक्रमाचा कणा व्हायला हवा.

त्या वेळी मराठी संगीत रंगभूमीवर दोन मोठी नावं. एकीकडे बालगंधर्व आणि त्यांची ‘गंधर्व नाटक मंडळी’, दुसरीकडे केशवराव आणि ‘ललितकलादर्श’. दोघंही मालक, दोघंही मुख्य नट, दोघांचे प्रेक्षक वाटून घेतलेले. चाहत्यांचं वैर कसं असतं ते तुझ्या पोरांना समजावून सांगायला नको. क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही आहेत, आणि कोल्हापुरात तर पेठांच्या तालमींचा फुटबॉल आहे. टिळक १ ऑगस्ट १९२०ला गेले होते. त्यांच्या नावानं स्वराज्य फंड उभा राहत होता, देशभरातून एक कोटी रुपये जमवायचे ठरले होते. त्या फंडासाठी या दोघांनी मुंबईत एकत्र उभं राहून ‘मानापमान’ केलं. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर.

नाटककार खाडिलकरांचं हे नाटक १९११ सालचं, त्याला संगीत आपल्या कोल्हापूरच्या मातीतल्या गोविंदराव टेंब्यांचं. नाटकात काय आहे? श्रीमंतीचा तोरा असलेली भामिनी, आणि गरीब पण शूर सेनापती धैर्यधर. मान कुणाचा आणि अपमान कुणाचा, यावर सगळं नाटक उभं. दोन प्रतिस्पर्धी मालकांनी एकत्र यायला हेच नाटक घ्यावं यातली गंमत पोरांच्या लक्षात आणून दे. वर्षानुवर्षं ज्यांचे चाहते ‘आमचा मोठा की तुमचा’ म्हणून भांडत होते, ते दोघं एका मंचावर, एकमेकांच्या पदाला साथ देत. कुणाच्या टाळ्या जास्त झाल्या याच्या गोष्टी पुढे पन्नास वर्षं लोक सांगत राहिले. त्या तू मंचावरून सांगू नकोस. ज्याच्या त्याच्या आजोबांचा कौल वेगळा असतो.

मी सुचवतो ते हे. तुमच्या शाळेला नाट्यस्पर्धेत दरवर्षी जी शाळा हरवते तिला बोलाव. मला नाव माहीत आहे, तुलाही माहीत आहे. त्यांच्या पोरांना प्रेक्षक म्हणून नको, नट म्हणून बोलाव. ‘मानापमान’मधला भामिनी-धैर्यधराचा एखादा छोटा प्रवेश घे, भामिनी त्यांची आणि धैर्यधर तुमचा, किंवा उलट. ‘चंद्रिका ही जणू’ धैर्यधराला आहे, ‘नाही मी बोलत नाथा’ भामिनीला. दोन्हीकडच्या पोरांना गायला काहीतरी मिळतं. तालमी निम्म्या तुमच्या हॉलमध्ये, निम्म्या त्यांच्याकडे. दाराशी एक डबा ठेवा, आणि पैसे कशासाठी जमवायचे ते दोन्ही शाळांच्या पोरांनी बसून ठरवू दे. शाळेच्या इमारत निधीला मात्र नाही, हे आधीच सांगून टाक.

विरोध होईल. तुमच्या शिक्षकांच्या खोलीत पहिला प्रश्न येईल की ‘आपल्या कार्यक्रमात त्यांना कशाला मोठं करायचं?’ हा प्रश्न १९२१ सालीही कुणीतरी विचारलाच असणार. तू वाद घालू नकोस, फक्त तारीख सांग आणि प्रसंग सांग. ज्याचं नाव दारावर लावलंय त्यानं स्वतः केलेली गोष्ट आपण करतोय, यावर कुणाला ‘नाही’ म्हणणं अवघड जातं. हे जरा चलाखीचं आहे, कबूल. पण नावं द्यायची ती यासाठीच. अडलं की त्या नावाचा आधार घेता यावा.

पुढचं पटकन सांग. त्या प्रयोगानंतर तीन महिनेही झाले नाहीत आणि ४ ऑक्टोबर १९२१ला पुण्यात विषमज्वरानं केशवराव गेले. वय ३१. आजचं औषध तेव्हा नव्हतं. इथे पार्श्वसंगीत, अंधार, मेणबत्ती असलं काही करू नकोस. मुलांना मरणाचं नाटक फार आवडतं आणि ते सगळा कार्यक्रम गिळून टाकतं. त्यापेक्षा हे सांग की कंपनी थांबली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती खांद्यावर घेतली, त्यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी, आणि ‘ललितकलादर्श’ हे नाव केशवरावांच्या मागे कित्येक दशकं रंगभूमीवर राहिलं. किर्लोस्कर मंडळी, गंधर्व मंडळी यांच्या पाट्यांवर माणसांची नावं होती. केशवरावांनी अठराव्या वर्षी पाटी लिहिली तेव्हा तीत स्वतःला ठेवलं नाही. म्हणून ती दुसऱ्याला पुढे नेता आली असं मी म्हणणार नाही, ते फार सोयीचं होईल. बापूरावांसारखा माणूस मिळाला म्हणून ती गेली. पण आपण मात्र त्यांचं नाव दगडावर, पितळेवर, फ्लेक्सवर लिहीत सुटलोय, हे जाता जाता मनात येतंच.

कंपनीनं कसली नाटकं केली तेही एक-दोन वाक्यांत येऊ दे. मामा वरेरकरांचं ‘हाच मुलाचा बाप’ हुंड्यावरचं. वीर वामनराव जोशींचं ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’. त्यातली केशवरावांची मृणालिनी गाजली. म्हणजे नुसती गाण्याची मैफल नव्हती, समोरच्या माणसाच्या घरातलं बोलणारी नाटकं होती. कलाशिक्षक तुझ्या बाजूला घ्यायचे असतील तर त्यांना पडद्यांची गोष्ट सांग. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या कोल्हापूरच्या बंधूंनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, त्यात ‘ललितकलादर्श’चेही होते. पुढे बाबूराव सिनेमाकडे गेले ते सगळ्यांना माहीत आहे. तुझ्या प्रवेशामागे छापील फ्लेक्स लावू नकोस. मांजरपाट आण, दोन-तीन पाट शिवून घे, आणि चित्रकलेच्या तासाला पोरांना एक महालाचा पडदा रंगवू दे. वाकडा होईल. कमानी एका बाजूला झुकतील. झुकू देत.

आगीविषयी तू विचारलं आहेस. सांगावं की नाही?

सांग. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, जयंतीच्या आदल्या रात्री, केशवराव भोसले नाट्यगृह जळालं हे तुझ्या वरच्या वर्गातल्या पोरांना चांगलं आठवतं. काहींनी गच्चीवरून धूर पाहिला असेल, काहींच्या घरातली माणसं तिकडे धावली असतील. दुसऱ्या दिवशी माणसं तिथे उभी राहून रडली. म्हातारे नट, पडदे ओढणारे, आणि ज्यांनी आयुष्यात एकदाच शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या मंचावर पाऊल ठेवलं होतं असेही. पण आग हा केशवरावांच्या आयुष्यातला प्रसंग नव्हे, तो वास्तूचा आहे. म्हणून वास्तूची गोष्ट वेगळी सांग. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी युरोपात गेले, तिथली नाट्यगृहं आणि रोमचं जुनं क्रीडागार पाहून आले. त्यातून खासबागचं कुस्तीचं मैदान झालं आणि त्याला लागूनच, १९१५ साली, पॅलेस थिएटर. भिंतीच्या एका बाजूला कुस्ती आणि दुसऱ्या बाजूला तान, हे फक्त कोल्हापूरलाच सुचू शकतं! या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचं नाव मिळालं. एवढं एका मुलानं नीट उभं राहून सांगितलं की पुरे. जळक्या नाट्यगृहाचे फोटो पडद्यावर दाखवू नकोस. एकदा ते दिसले की नंतर शारदा काय गाते तिकडे कुणाचं लक्ष राहणार नाही.

माहितीबद्दल एक ताकीद. जयंती जवळ आली की मोबाइलवर केशवरावांविषयी लांबच लांब मजकूर फिरायला लागतो. त्यात एका प्रयोगाला किती हजार माणसं, कुठला राजा काय बोलला, कुणी कुणाच्या पाया पडलं, सगळं असतं. यातलं काही खरं असेलही. तू मात्र मराठी विश्वकोश आणि रंगभूमीच्या इतिहासाची छापील पुस्तकं यांत सापडेल तेवढंच मुलांच्या हातात दे. आणि एखादी ऐकीव गोष्ट फारच मोहात पाडत असेल तर ‘असं सांगतात’ म्हणून सांग. मुलांना हा फरक लवकर कळलेला बरा.

आता तो कागद बदलायचा कसा.

भांडून नाही. पत्रिकेतला एकही मान काढून घेऊ नकोस, फक्त क्रम बदल. स्वागतगीताच्या जागी नांदी घाल, ‘पंचतुंड नररुंडमालधर’. दीपप्रज्वलन ती चालू असतानाच होऊन जाऊ दे, म्हणजे दहा मिनिटं वाचली. पाहुण्यांचा परिचय छापून खुर्चीवर ठेव. शाल-श्रीफळ द्यायचंच आहे तर पहिलं आपल्या हॉलचा पडदा ओढणाऱ्या शिपाईमामांना द्या, पाहुण्यांना दुसरं. पाहुण्यांचं भाषण कार्यक्रमाच्या मध्ये टाक, पोरांच्या दोन प्रवेशांच्या फटीत. मधल्या जागेवरचा वक्ता आपोआप थोडक्यात बोलतो, कारण विंगेत रंग लावलेली पोरं उभी दिसत असतात. अध्यक्ष आणि आभार एकत्र. आणि हे सगळं ‘मुख्याध्यापकांच्या सूचनेनुसार’ केलंय असं निवेदनात एकदा म्हण. त्यांनी सूचना केलेली नसली तरी त्यांना ती आठवेल.

याशिवाय एक मागणी लेखी दे, कार्यक्रमाच्या आधीच, कारण नंतर कुणी ऐकत नाही. वर्षभर दर शनिवारी दुपारी कलामंदिर पोरांसाठी उघडं राहिलं पाहिजे. स्पर्धा नसली, पाहुणे नसले तरी. नवी सभागृहं भाड्यानं द्यायचा मोह संस्थांना होतो: हळदीकुंकू, विमा कंपनीचं शिबिर, कुणाचा साखरपुडा. पैसे लागतात, मान्य. पण किल्ली कार्यालयात आणि पोरं पायरीवर असं चित्र झालं तर नाव बदललेलं बरं. तुला नकार मिळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. तरी दे. दुसऱ्या वर्षी पुन्हा दे.

तबलजी अजून ठरला नसेल तर लगेच ठरव, ऑगस्टात श्रावण असतो, भजनांमुळे सगळे गुंतलेले असतात. तालमीला माझी पेटी घेऊन जा. भाता चांगला आहे, पण मधल्या सप्तकातला एक स्वर ओल धरली की चिकटतो, आणि जुलैत तो चिकटणारच. ट्यूनरला आधी दाखव. येणार असशील तर सकाळी ये, दुपारी मी झोपतो.

तुझा,
सर